मागचा पंख दाखवा!

खापरला अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याच्या कडेला, रुईच्या झुडपाशी एखादे गृहस्थ कॅमेरा घेऊन उकिडवे बसलेले दिसले, तर ‘काय सांडलं?’ असं विचारू नये. ‘हलू नका!’ एवढंच उत्तर मिळतं आणि मग आपल्यालाही पुतळा व्हावं लागतं.

हे आमचे फुलपाखरूवाले सर. पूर्वी ते सुखी होते. नारिंगी पंख, काळी-पांढरी टोकं दिसली की ‘प्लेन टायगर!’ म्हणायचे आणि चहाला यायचे. मग कुणीतरी त्यांना डॅनेड एगफ्लायची मादी दाखवली आणि सरांची झोप उडाली.

प्लेन टायगरची अळी रुईचा पाला खाऊन विखारी होते. पुढे तिच्या फुलपाखरालाही पक्षी तोंड लावत नाहीत. एगफ्लायच्या अंगात असलं काही विष नाही. पण मादी टायगरचाच झगा घालून बिनधास्त हिंडते. नवरा मात्र काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. या सोंगात त्याला काम नाही. फरक मागच्या पंखावर. टायगरच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके, त्यातही नराला एक जास्तीचा. एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेशी एकच. या बहुरूप्यांचं इंगित हेन्री बेट्सनं १८६२ साली ॲमेझॉनच्या फुलपाखरांवरून मांडलं. पक्षी तरीही फसतात. सरांनी मात्र फसायचं नाही असं ठरवलंय.

आता ते कशाचंच नाव चटकन घेत नाहीत. कॉमन रोझ म्हणावं, तर ‘अंग लाल आहे का बघा, काळं असेल तर मॉरमॉनची मादी!’ टाकळ्यावरच्या पिवळ्या ग्रास यलोंचे पंखाखालचे ठिपके मोजता मोजता त्यांचं जेवण निवतं. २०१५ साली राज्यानं ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात हेच एकटे नाराज. ‘ओळखायला इतकं सोपं? मग मजा काय?’

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार घेऊन निघालेल्या भक्तांना ते वाटेत अडवतात. पान उलटून बघितल्याशिवाय, अंडं नाही याची खात्री झाल्याशिवाय हार पुढे जात नाही. पुतणीसाठी स्थळ आलं, तेव्हा मुलाचा फोटो बघून म्हणाले, ‘समोरून बरा दिसतोय. बाजूनं काढलेला मागवा.’ वहिनींनी फोटो हातातून काढून घेतला. लग्न झालं, अक्षता टाकतानाही सर एका बाजूला सरकून बघत होते म्हणे.

परवा बँकेतल्या बाईंनी आधार कार्डावरचा फोटो पाहिला, सरांकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, ‘हे तुम्ही वाटत नाही.’

दुसरा कुणी भांडला असता. सरांनी खुर्ची पुढे ओढली. ‘बाई, तुम्ही रविवारी मोकळ्या असता का?’