महिन्यात दहा किलो! वेलनेस कोच महोदयांस खुले पत्र

आदरणीय कोच सर यांस,
सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले. बागेच्या फाटकाशी भल्या सकाळी टेबल मांडायचं, येणाऱ्याजाणाऱ्याला अनवाणी यंत्रावर उभं करायचं आणि त्याच्या पोटातली चरबी फुकटात मोजून द्यायची, असा परोपकारी माणूस आजकाल मिळतो कुठे? आमचे हे रोज नुसते भरभर चालत होते. आपण त्यांना थांबवलंत.

यंत्रातून निघालेली चिठ्ठी आम्ही फ्रिजवर लावली आहे. चरबी ३१ टक्के, शरीराचं वय ५८. ह्यांचं खरं वय ४९, त्यामुळे पुढचे काही दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. यंत्र तळपायांतून बारीकसा विजेचा प्रवाह सोडतं, त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं आणि अंगात पाणी कमीजास्त झालं की आकडाही हलतो, हे आपण सांगितलं नाहीत. आम्हां अडाण्यांच्या डोक्याला उगाच ताप नको, हा आपला मोठेपणा. तशी शिवणाच्या डब्यात टेप होती. आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी आणि बाईची ८० च्या, एवढं तिच्यावर कळलं असतं. पण टेपमधून चिठ्ठी निघत नाही ना!

मग आला आहाराचा तक्ता. सात वाजता जिऱ्याचं कोमट पाणी. साडेआठला शेक. अकराला पाच बदाम, भिजवून आणि सोलून. दीडला किनोआ आणि वाफवलेली ब्रोकोली. पाचला ग्रीन टी. रात्री पुन्हा शेक. आपण तो व्हॉट्सॲपवर एका बोटाने पुढे ढकललात. बदाम सोलणारी बोटं माझी. मुलाचा पोळीभाजीचा डबा, सासरेबुवांचा मऊ भात आणि ह्यांची ब्रोकोली, अशा तीन खाणावळी एकाच ओट्यावर चालवायची संधी मला दिलीत. मी आजन्म ऋणी आहे.

मटकीची उसळ, मुगाचं धिरडं, पिठलं-भाकरी, वाटीभर कोशिंबीर, पातळ ताक यांतलं काहीही आपल्या तक्त्यात नाही. साहजिक आहे, उसळीवर कमिशन कोण देणार? साबुदाण्याच्या खिचडीला मात्र आपण मोठ्या मनाने परवानगी दिलीत, 'उपासाचं म्हणजे लाइट' असं म्हणून. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर दाण्याचं कूट आणि तूप. हे आता संकष्टीची वाट बघतात. घरात भक्तिभाव वाढला, त्याचं श्रेय आपलंच.

आपल्या गणिताला तर माझा कोपरापासून नमस्कार! महिन्यात दहा किलो चरबी घालवून देतो म्हणालात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. दहा किलोंच्या झाल्या ७७,०००. तीस दिवसांत जाळायच्या तर रोज सुमारे २,५६७. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोंच्या पुरुषाची दिवसभराची गरजच २,११० कॅलरींच्या आसपास असते. आमचे हे अंमळ भारदस्त आहेत, त्यांना थोड्या जास्त लागतील. तरी महिनाभर पाण्यावर ठेवलं असतं, तरी हिशेब जुळताना मारामार झाली असती. आपण तो दोन शेकमध्ये बसवलात.

पहिल्याच आठवड्यात काटा झरझर खाली आला, तेव्हा आपण ह्यांचा फोटो काढून ग्रुपवर टाकलात. खाणं एकदम तोडलं की यकृत आणि स्नायूंतला साखरेचा साठा आधी संपतो आणि त्याने धरून ठेवलेलं पाणीही जातं. बरंचसं वजन त्या पाण्याचं असतं. पाण्याचा एवढा जाहीर सत्कार मी पहिल्यांदाच पाहिला.

पोट उतरावं म्हणून आपण ह्यांना रोज दोनशे क्रंचेस आणि घामाचा पट्टा दिलात. चरबी कुठली आधी उतरायची हे शरीर ठरवतं, पट्टा नव्हे. पट्ट्याने फक्त बनियन भिजतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं किंवा तत्सम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. ह्यांच्या चालण्यात यातलं बरंचसं आपोआप होत होतं. पण त्याचं पॅकेज कसं विकणार?

आता थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नये. आमच्या सासरेबुवांना, वय ७८, आपण बाकावर गाठून सांगितलंत, "शेक सुरू करा, महिन्यात बीपीची गोळी सुटेल." असल्या डब्यावर आजार बरा करण्याचा दावा छापायला कायद्याने मनाई आहे. म्हणून आपण तो छापत नाही, कानात सांगता. त्यांनी गोळी सोडली नाही, कारण गोळ्यांची डबी माझ्या ताब्यात असते. आपली काळजी त्यात कुठेच नव्हती.

आणि कळस म्हणजे, ह्यांचं वजन पुन्हा जागेवर आल्यावर आपण ह्यांनाच कोच होण्याचं आमंत्रण दिलंत! ओळखीच्या पंचवीस जणांची यादी करा म्हणालात. यादीत पहिलं नाव माझ्या आईचं होतं. ती यादी मी चुलीत घातली असती, पण आमच्याकडे गॅस आहे.

तरी नम्र विनंती की, सील न फोडलेले दोन डबे घरी पडून आहेत, ते घेऊन जावेत आणि सात हजार रुपये परत करावेत. पावती आपण दिली नव्हती, पण आपल्यासारख्या सज्जनाला ती कशाला लागेल? येताना यंत्र आणू नये.

कळावे, लोभ असावा.
आपली कृपाभिलाषी,
एक ओटेकरीण

ता. क. हे फक्त वाचकांसाठी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळते. वजन आठवड्याला अर्धा किलो या बेताने उतरवावं आणि प्रथिनांच्या पावडरी टाळाव्यात, असं त्यात लिहिलं आहे.