उपास त्यांचा, खिचडी आमची

श्रावण हा पोटाला विश्रांती देण्याचा महिना, असं दरवर्षी कुणीतरी वैद्य वर्तमानपत्रात लिहितात. पावसाळ्यात अग्नी मंद होतो, हलकं खावं, एकभुक्त राहावं वगैरे. लेख चुकीचा नसतो. फक्त वैद्यांच्या घरी माणसं किती, त्यांच्यातल्या कुणाचा वार कुठला आणि साबुदाणा रात्री कोण भिजत घालतं, एवढं त्यात राहून जातं.

आमच्या डोंबिवलीच्या घरात चौदा माणसं आहेत. शेजारशेजारचे दोन ब्लॉक, मधली भिंत पाडलेली, ओटा एकच. दुसरा ओटा काढून पुरुषमंडळींनी दिवाणखाना मोठा करून घेतला. बैठकीला जागा लागते ना.

सोमवार सासूबाईंचा, चुलत सासऱ्यांचा म्हणजे काकांचा आणि मोठ्या भाऊजींचा. गुरुवार माझ्या नवऱ्याचा, कारण त्याच्या ऑफिसात सगळे धरतात. शनिवार धाकट्या भाऊजींचा. एकादशी पुन्हा काकांची आणि सासूबाईंची, संकष्टी मोदकांमुळे सर्वपक्षीय. शिवाय प्रत्येकाची घटना वेगळी. काकांना एकादशीला भगर चालत नाही, भाऊजींना सोमवारी कोथिंबीर चालत नाही, सासूबाईंना जिरं चालतं पण तिखट नको, आणि धाकट्या भाऊजींना सगळंच चालतं, फक्त त्याला उपास म्हणावं लागतं.

एकत्र कुटुंबातलं सर्वांत महागडं वाक्य म्हणजे, ‘माझ्यासाठी वेगळं काही करू नका, थोडी खिचडी टाका फक्त.’ ही थोडी खिचडी आदल्या रात्री सुरू होते. साबुदाणा धुऊन त्यावर बोटाच्या एका पेराइतकंच पाणी ठेवायचं. जास्त झालं की सकाळी गोळा, कमी झालं की कच्चे मणी. पहाटे जाऊबाई एक दाणा चिमटीत धरून दाबून बघतात. पुरता चपटा झाला तरच पुढे. मग शेंगदाणे मंद आचेवर, एकही काळा न होऊ देता. ते निवेपर्यंत बटाटे सोलायचे. मग दाणे तळहातावर चोळायचे, सुपात घेऊन खिडकीशी पाखडायचे. नेमक्या त्याच वेळी भाऊजी ‘फार उकडतंय’ म्हणून पंखा लावतात. सालं घरभर. केर पुन्हा आमच्याकडे. कूट करताना तेल सुटू द्यायचं नाही, कढईवर झाकण किती वेळ ठेवायचं तेही ठरलेलं. एवढं झाल्यावर भाऊजी पहिला घास घेऊन म्हणणार, ‘आज जरा चिकट झालीय का?’

ताटातला बटाटा, मिरची, शेंगदाणा, रताळं आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘पण आपल्या परंपरेत बसतात.’ बसतातच. परंपरेत काय बसवायचं हे आपल्याकडे नेहमी ताटावर बसलेला ठरवतो, ओट्याशी उभी असलेली नाही.

हे झालं नेहमीचं. २०२५चा श्रावण मात्र खास आमच्या घरावर डूख धरून आला होता. जाऊबाईंच्या मुलाचं लग्न वैशाखात झालेलं, त्यामुळे घरात नवी सून आणि तिची पहिली मंगळागौर. पूजा दर मंगळवारी असतेच, पण थाटाची एकदाच. पत्री, सवाष्णी, रात्रीचे खेळ. प्रश्न इतकाच, मंगळवार कुठला?

श्रावणात मंगळवार चार. २९ जुलैला नागपंचमी. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. ५ ऑगस्टला पुत्रदा एकादशी, शिवाय तो दिवस तिच्या माहेरच्यांनी नाशकात आधीच धरलेला. १२ ऑगस्टला अंगारकी. एका उपासात वर्षभराच्या संकष्ट्यांचं पुण्य म्हटल्यावर एरवी न धरणारेही या घाऊक सवलतीचा लाभ घेतात. आणि १९ ऑगस्टला पुन्हा एकादशी, अजा. चारही मंगळवार तिथींनी असे अडवलेले की पंचांगकर्त्यांचं आमच्या घराशी काही जुनं वैर असावं.

बैठक बसली. काकांच्या मांडीवर सोलापूरचं दाते पंचांग, भिंतीवर कालनिर्णय, पुतण्याच्या हातात मोबाईलमधलं ॲप. तिन्हींत तिथी त्याच होत्या, तरी बैठक संपूर्ण संध्याकाळ चालली आणि चहा तीनदा गेला. नागपंचमीचा पर्याय पहिल्या फेरीत बाद झाला असता, पण धाकट्या भाऊजींनी मुद्दा काढला की विळी चालत नसली तरी मिक्सरच्या पात्याला शास्त्राची हरकत दिसत नाही. त्यावर अर्धा तास गेला. शेवटी एकोणीस तारखेवर शिक्कामोर्तब झालं. कारण, ‘एकादशीला निम्मी माणसं उपाशी, म्हणजे स्वयंपाक निम्मा.’

जाऊबाई कप गोळा करता करता म्हणाल्या, ‘निम्म्यांचा स्वयंपाक आणि निम्म्यांचा फराळ, याला दोन स्वयंपाक म्हणतात.’ हे इतिवृत्तात आलं नाही.

मधले दिवस मी भराभर सांगते, कारण ते आमच्यावरूनही तसेच गेले. नागपंचमीला पुरणाची दिंडं उकडली. राखी पौर्णिमा शनिवारी आली, पाचही वन्सं मुलाबाळांसकट आल्या, नारळीभात दोन पातेली झाला. त्या वर्षी दिवसा भद्रा नव्हती. मुहूर्तावर वाद घालायला काहीच न उरल्यामुळे काका दिवसभर उदास होते. अकरा तारखेचा सोमवार संध्याकाळी सुटला आणि बाराला अंगारकी लागली. चंद्रोदय नऊनंतर, आणि ऑगस्टच्या ढगांत चंद्र दिसायची आशा नाही, म्हणून कालनिर्णयात छापलेली वेळ हाच चंद्र. त्या वेळेच्या दहा मिनिटं आधीपासून बाराच्या बारा उपासकरी पानं मांडून बसले होते. मोदक वळणाऱ्या आम्ही दोघीही उपाशीच होतो, पण आम्ही उभ्या असल्याने ते जाणवत नसावं.

पंधरा ऑगस्टची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. शुक्रवार होता, म्हणजे जिवतीची पूजा. आघाड्याची आणि दुर्वांची माळ, दूध-फुटाणे, पुरणाचा नैवेद्य आणि घरातल्या सगळ्या पोरांना पुरणाच्या दिव्यांनी औक्षण. त्याच दिवशी जन्माष्टमी, म्हणजे मोठ्यांना कडक उपास. आणि सकाळी सोसायटीत झेंडावंदन, तिथल्या सगळ्यांचा चहा आमच्याकडे, कारण ‘तुमच्याकडे मोठी पातेली आहेत.’ ज्या दिवशी घरातला कुणीही मोठा माणूस पुरणपोळी खाणार नव्हता, त्याच दिवशी आम्ही पहाटे उठून डाळ शिजवली, पुरण वाटलं, पोळ्या केल्या. शेजारी फराळाची कढई. पोरांनी पोळीचा पापुद्रा सोडून पुरण तेवढं चाटलं आणि नूडल्स मागितल्या. उरलेल्या पोळ्या सोळा तारखेला खाऊ, असं ठरलं. सोळाला शनिवार, धाकट्या भाऊजींचा मारुती. त्या दिवशी दहीहंडीला ठाण्यात गोविंदांनी दहा थर लावले. तेवढेच थर आमच्या फ्रिजमध्ये डब्यांचे लागले होते, आणि खालचा डबा ओढायची हिंमत कुणाची नव्हती.

मग आला एकोणीसचा मंगळवार. अठरापासूनच आभाळ फाटलं होतं. एकोणिसाला मुंबई परिसरात रेड अलर्ट, शाळांना सुट्टी, ऑफिसांना घरून काम करण्याचा सल्ला, आणि ठाण्याच्या पलीकडे मध्य रेल्वेची मुख्य मार्गावरची वाहतूक कित्येक तास बंद. बातम्यांत याला ‘जनजीवन ठप्प’ म्हणाले. ठप्प म्हणजे कोण? पुरुष सोफ्यावर ठप्प, मुलं मोबाईलवर ठप्प. ओट्यावरचं जनजीवन दुप्पट झालं होतं. एरवी सकाळी डबे घेऊन जाणारी माणसं आज दर तासाला डब्यांची झाकणं उघडून बघत होती.

खेळांसाठी मुंबईतल्या एका मंडळाला सुपारी दिलेली. हल्ली झिम्मा-फुगडीचेही संच मिळतात, एकसारख्या नऊवाऱ्या नेसून येतात, सूप-लाटण्याचे खेळ करतात, माईक त्यांचाच. त्यांचा फोन आला, ‘दादरलाच अडकलोय.’ गुरुजी कल्याणला अडकले. मग पूजा व्हिडिओ कॉलवर. पत्री वाहताना दर दोन मंत्रांनी गुरुजींचं तोंड उघडं तसंच थिजायचं, आणि नव्या सुनेने आघाडा हातात धरून नेटवर्क येण्याची वाट बघायची. काका शेजारून सूचना देत होते, ‘वाह, वाह.’ ती वाहत होती.

मंगळागौरीच्या दिवशी वशेळीने, म्हणजे पूजा करणारीने, मौन धरून जेवायचं असतं. नवी सून आयटीतली, त्यात घरून कामाचा दिवस. कानात इयरफोन, समोर वरणभात, आणि तिच्या मॅनेजरची मीटिंग. तीन वेळा तिचं नाव पुकारलं गेलं, तिने तीन वेळा मान हलवली. कॅमेरा बंद होता. मौन पाळून मीटिंगही पार पडली. नंतर कळलं की त्या मीटिंगमध्ये एरवीही तिला बोलू देत नाहीत.

संध्याकाळी सोसायटीतल्या बायका जिन्यावरूनच आल्या, कारण लिफ्टही बंद होती. सासूबाईंनी दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधला आणि फुगडीला उभ्या राहिल्या. फुगडी छान झाली, खोटं कशाला बोलू. भाऊजींनी सगळ्याचं मोबाईलवर चित्रण केलं, अधूनमधून ‘जरा इकडे तोंड करून’ असं दिग्दर्शनही केलं, आणि मध्यरात्री आळस देत म्हणाले, ‘दमलो बुवा आज. चहा मिळेल का?’

केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली देशातल्या माणसांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाची २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. २०१९ला हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, पण ती पुरुषांनी उचलली म्हणावं तर त्यांचीही नऊ कमी झाली. ही सगळी मिनिटं बहुधा मिक्सरने उचलली. मी हे जेवताना वाचून दाखवलं. भाऊजी म्हणाले, ‘अठ्ठ्याऐंशी म्हणजे काही कमी नाही.’ बरोबर आहे. आमच्याकडे त्यात पंचांग बघणं, पंखा लावणं, चित्रण करणं आणि ‘चिकट झालीय का’ विचारणं हे धरलं, तर आम्ही राष्ट्रीय सरासरीच्या वर जाऊ.

बावीस तारखेला पोळा, शुक्रवार, पुन्हा पुरण. यंत्रवत झालं, सांगण्यासारखं काही नाही. मातीच्या बैलांपैकी एकाचं शिंग मोडलं, त्यावरून दोन पोरं रडली, एवढंच.

तेवीसला श्रावण संपला आणि त्याच संध्याकाळी गणपतीची बैठक बसली. सत्तावीसला चतुर्थी. मखर कुणी आणायचं, आरतीच्या पाळ्या कशा लावायच्या, हे विषय सुरळीत पार पडले, कारण त्यात कुणालाच काही करायचं नव्हतं. मग काकांचं बोट सव्वीसवर आलं. ‘मंगळवार. हरितालिका.’ म्हणजे घरातल्या झाडून सगळ्या बायकांना दिवसभराचा उपास, आणि पुरुष मोकळे.

‘मग आमच्या जेवणाचं?’ भाऊजींनी विचारलं. प्रश्न अगदी निरागस होता.

जाऊबाई मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘त्या दिवशी घरात एकच फराळ होणार आहे. भाऊजींनी आणि काकांनीही हरितालिका धरावी. पुण्याला काही बायका-पुरुष भेद नसतो.’ सासूबाई पहिल्यांदाच बैठकीत बोलल्या. म्हणाल्या, ‘लिहून घ्या रे.’

पुतण्याने खरोखरच लिहून घेतलं. काकांनी चष्मा पुसून पंचांग पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं. पुरुषांना हरितालिका निषिद्ध असल्याचा दाखला अजून मिळालेला नाही. शोध चालू आहे, आणि त्यासाठी चहा हवा आहे.