एकविसावा रकाना

अंबानींकडचं लग्न होऊन आठवडा उलटला होता, आषाढी होऊन दोन दिवस झाले होते आणि अर्थसंकल्पाला अजून चार दिवस अवकाश होता. असल्या भाकड काळात बोलायचं तरी कशावर, या विवंचनेत आमचा अमृततुल्याबाहेरचा कट्टा असताना देव धावून आला. तारीख १९ जुलै २०२४, वार शुक्रवार. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन संगणक-सुरक्षा कंपनीनं गिऱ्हाइकांच्या संगणकांना एक चिमुकली फाइल पाठवली आणि विमानतळांपासून इस्पितळांपर्यंत जगभरचे पडदे निळेशार झाले. चूक लक्षात येऊन फाइल मागे घेईपर्यंत ७८ मिनिटं गेली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख संगणक आडवे झाले. विंडोजवर चालणाऱ्या एकूण यंत्रांच्या हे एक टक्काही नव्हेत. पण नेमके ते, ज्यांच्यापुढे माणसं रांगा लावून उभी असतात.

संध्याकाळी, धो धो पाऊस असूनही, कट्ट्याला कोरम होता.

तंत्रज्ञानाच्या बातमीवर बोलायला तंत्रज्ञान यावं लागतं, असा आमच्याकडे आग्रह नाही. येत असेल तर तो माणूस उलट अडचणीचाच होतो. मध्येच खऱ्या गोष्टी सांगून चर्चेचा ओघ तोडतो. ३१ डिसेंबर १९९९ च्या रात्री विमानं आकाशातून पडणार म्हणून याच मंडळींनी गच्चीवर जागरण केलं होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असून ती जमिनीखाली १२० मीटरवर पुरली तरी उपग्रहाला दिसते, हे काही वाहिन्यांनी दाखवलं तेव्हा त्यावर सर्वांत सविस्तर विवेचन झालं ते इथेच. २०२३ च्या मे महिन्यात ती नोट मागे घेण्याची घोषणा झाली, चिप काही कुणाला सापडली नाही. पण आमच्या हार्डवेअरच्या दुकानवाल्या भाऊंचं म्हणणं असं की चिप होती. नोटा परत घेतल्या त्या चिपा काढून घ्यायलाच.

तर त्या शुक्रवारी पहिला मान अण्णांचा. अण्णा बँकेतून निवृत्त. १९८४ साली रंगराजन समितीनं बँकांमध्ये यंत्रं आणायची शिफारस केली तेव्हा अण्णा युनियनच्या मोर्च्यात पुढे होते. नंतर संगणक आलाच, आणि अण्णांनी त्यावर सॉलिटेअर खेळत निवृत्तीपर्यंतची वर्षं सुखानं काढली. पण तत्त्व सोडलं नाही. "मी चौऱ्याऐंशी सालीच सांगत होतो," म्हणत त्यांनी खिशातून फोन काढला. फोनवर हैदराबादच्या विमानतळावरचा तो प्रसिद्ध फोटो: यंत्रं बंद पडल्यामुळे प्रवाशाच्या हातात दिलेला, पेननं लिहिलेला बोर्डिंग पास. "अक्षर बघा! लेजर अशी लिहायचो आम्ही. वीज गेली, जग बुडालं, तरी बेरीज तिथल्या तिथे." कागदाचा हा विजय अण्णा साऱ्यांना काचेवर बोट फिरवून मोठा करून दाखवत होते, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाजूनं आणखी पुरावा आला. अमेरिकेतली साउथवेस्ट ही विमान कंपनी म्हणे तरली, कारण तिच्याकडे १९९२ सालचं विंडोज ३.१ चालतं! अण्णांच्या चेहऱ्यावर एखाद्या जुन्या कॅसेटप्लेयरवाल्याचं समाधान पसरलं. ती बातमी मुळातच खोटी होती. कुणीतरी गमतीनं टाकलेली ओळ चढत चढत बातमी झाली होती. पण खोटी असल्याचं कळायला शोधावं लागतं, आणि अण्णांनी शोधायचं कशासाठी? ती त्यांना हवी होती तशीच मिळाली होती.

भाऊंचा सिद्धांत वेगळा. "चीनमध्ये काही झालं का?" त्यांनी विचारलं. फारसं काही झालं नव्हतं. "मग?" म्हणून त्यांनी बशी खाली ठेवली. खटला संपला. चिनी कंपन्या अमेरिकन सुरक्षा सॉफ्टवेअर सहसा घेतच नाहीत, ही माहिती कट्ट्यावर मांडली गेली. पण ती त्यांनी चीनविरुद्धच्या पुराव्यातच जमा केली. "बघा, आधीपासून तयारी!" हा सायबर हल्ला नाही, असं कंपनीचे प्रमुख जॉर्ज कुर्ट्झ यांनी जाहीर केलं तेव्हा तर भाऊ खरोखरच हिरमुसले. एवढी विमानं रद्द, एवढी माणसं अडकलेली, आणि शत्रूच नाही? फुकट गेलं की सगळं!

नानांनी मात्र यातून राष्ट्रीय अभिमान काढला. मुंबईचे दोन्ही शेअरबाजार नेहमीसारखे चालले. रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की देशातल्या दहाच बँका आणि वित्तसंस्थांना त्रास झाला, तोही किरकोळ. "याला म्हणतात व्यवस्था!" नाना म्हणाले. आपल्या बहुतेक बँका या कंपनीच्या गिऱ्हाईकच नव्हत्या, हे त्यांना सांगितलं. "तेच तर!" ते म्हणाले. आमच्याकडे प्रत्येक वस्तुस्थितीचं उत्तर 'तेच तर' असतं. त्यामुळे मतभेद होतात, पण मतं बदलत नाहीत आणि मैत्री टिकते.

या सगळ्यात जो एकच माणूस त्या दिवशी संगणकाशी प्रत्यक्ष झुंजला होता, तो अण्णांचा पुतण्या, हिंजवडीत कामाला. त्याचा शनिवार, रविवार वाया गेला. कारण औषध सोपं होतं पण ते दुरून पाजता येत नव्हतं. एकेका यंत्रापाशी जायचं, ते सेफ मोडमध्ये चालू करायचं, ती फाइल शोधायची, हातानं पुसायची. यंत्राला कुलूप असेल तर आधी ४८ आकडी किल्ली. रविवारी दुपारी पुतण्या आपलं जेवणाचं ताट बाजूला सारून फोनवर कुठल्याशा शाखेतल्या माणसाला सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचून दाखवत होता. "फाइव्ह. फाइव्ह हो, पंजा. नाही, पंजा एकदाच." पलीकडच्यानं पंजा दोनदा दाबला होता. पुन्हा पहिल्यापासून. आमटी गार झाली. मायक्रोसॉफ्टनं काही यंत्रांसाठी सुचवलेला दुसरा उपाय ऐकून तर भाऊ आदरानं उभे राहायचे बाकी होते: बंद करा, चालू करा; गरज पडल्यास पंधरा वेळा. हे तर आमचे वायरमन पंधरा वर्षं सांगताहेत.

सोमवारी पुतण्या कट्ट्यावर आला. डोळे लाल. त्याला बिचाऱ्याला वाटलं, सांगून टाकावं. म्हणाला, "अहो काका, साधं आहे. सोसायटीचा वॉचमन गेटवर बसतो ना? हा वॉचमन चोर आतपर्यंत येऊ नये म्हणून थेट देवघरात बसवलेला. गेटवर फेफरं आलं तर गेट अडतं. देवघरात आलं तर घर अडतं." समजावून सांगण्याची हातोटी पोराकडे आहे. पण त्यानं 'वॉचमन' हा शब्द उच्चारला तिथेच संगणकशास्त्र संपलं. पुढची चाळीस मिनिटं आमच्या सोसायटीच्या वॉचमनवर गेली: तो रात्री झोपतो का, त्याची एजन्सी बदलावी का, दिवाळीला किती द्यायचे. अध्यक्षांना पत्र लिहायचं ठरलं. जागतिक संकटातून निघालेला हा आमचा एकमेव ठराव.

पुतण्यानं शेवटचा प्रयत्न केला. "आमच्यात एक पद्धत असते काका, शुक्रवारी काही नवीन सोडायचं नाही. सोडलंच तर आधी थोड्या यंत्रांवर सोडायचं, बघायचं, मग पुढे. यांनी एकदम सगळ्यांना सोडलं."

"पाठवायच्या आधी कुणी तपासलं नव्हतं?"

हा आवाज बाईंचा. बाई गणिताच्या शिक्षिका होत्या, बोर्डाच्या उत्तरपत्रिकांवर मॉडरेटर म्हणून बसायच्या. दुसऱ्यानं तपासलेल्या गठ्ठ्यातली बेरीज पुन्हा करायची, हे काम त्यांनी कितीतरी उन्हाळे केलं. त्यांचा प्रश्न ऐकून क्षणभर सगळे गप्प झाले. विचारात पडले म्हणून नव्हे. एवढ्या मोठ्या विषयात हा एवढासा प्रश्न ठेवायचा कुठे, ते सुचेना म्हणून.

"बाई, हे तितकं सोपं नाही," अण्णा समजुतीच्या सुरात म्हणाले. "यात सगळी मानवजात आली."

मानवजात आली की बरं असतं. मानवजातीचं काय होणार यावर बोलायला काही वाचावं लागत नाही, आणि उद्या कुणी येऊन तुमचं चुकलं म्हणत नाही. एका फाइलचं काय झालं यावर बोलायचं तर दहा-बारा पानं वाचायची, त्यातही इंग्रजी, त्यातही कंटाळवाणी. त्यामुळे चर्चा लगेच वर गेली: एआय, नोकऱ्या, एका बटणावर तिसरं महायुद्ध. मध्येच भाऊंनी "माझ्या फोनमधलं ते अपडेट कसं बंद करतात रे?" असं पुतण्याला हळूच विचारून घेतलं. फोनच्या सुरक्षेची तेवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे धड चालू होती, ती बंद झाली.

गुन्हेगारही एव्हाना सापडला होता. एका तरुणाचा कंपनीच्या कचेरीतला हसरा फोटो सगळीकडे फिरला: नोकरीचा पहिला दिवस, छोटंसं अपडेट सोडलं, दुपारची सुटी घेतली! कट्टा हळहळला. "पहिलाच दिवस हो," म्हणून नानांनी त्याला माफही करून टाकलं. तो तरुण म्हणजे व्हिन्सेंट फ्लिबुस्टिये हा बेल्जियमचा उपहासकार, आणि फोटो बनावट. त्यानं थट्टा केली आणि जगानं बातमी म्हणून घेतली. आमच्या धंद्यातल्या माणसाचं यापेक्षा मोठं यश नाही आणि यापेक्षा मोठी भीतीही नाही.

खऱ्या माणसांची कथा त्याहून सरस होती, पण ती सांगायला कुणी उरलं नव्हतं. २०१० सालच्या एप्रिलमध्ये मॅकअफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीची असंख्य यंत्रं अशीच बंद पाडली होती. तेव्हा त्या कंपनीचे तंत्रज्ञानप्रमुख कोण होते? हेच जॉर्ज कुर्ट्झ. आणि यावेळी कंपनीनं मदतीला धावलेल्या भागीदारांना दिलगिरीदाखल काय दिलं? उबर ईट्सचं दहा डॉलरचं कूपन. एवढ्या लोकांनी ते एकदम वापरायला घेतलं की उबरच्या यंत्रणेला घोटाळ्याचा संशय आला आणि तिनं ती कूपनं अडवली. देवघरातला वॉचमन चुकला, पण खाणावळीचा जागा होता.

मंगळवारी, २३ जुलैला, अर्थसंकल्प आला. सोमवारपर्यंतचे सायबरतज्ज्ञ मंगळवारी दुपारी दोनला करसल्लागार झाले. घर विकल्यावर इंडेक्सेशन मिळणार की नाही यावर अण्णा आणि नाना यांच्यात जे पेटलं, ते महिनाअखेरपर्यंत विझलं नाही. एक ऑगस्टला आमच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझपदक मिळवलं, तेव्हा श्वास रोखून चाप कसा ओढायचा हे भाऊंनी बॉलपेन डोळ्याला लावून दाखवलं. पोरगा मध्य रेल्वेत टीसी, हे कळल्यावर नानांनी रेल्वेचं सगळं माफ केलं.

सहा ऑगस्टला क्राउडस्ट्राइकनं आपला अहवाल जाहीर केला. दुसऱ्या दिवशी पुतण्या तो छापून घेऊन आला. कट्ट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पण बाईंनी त्याला हाक मारून शेजारी बसवून घेतलं आणि चष्मा लावला.

"हे बघा बाई. त्यांनी नवीन तपासणी बसवली, तिच्यात माहितीचे एकवीस रकाने ठरवले. पण रकाने भरून देणारा जो भाग होता, तो वीसच भरत होता. फेब्रुवारीपासून."

"आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"चाचणी घेताना एकविसाव्यात 'काहीही चालेल' असं होतं. त्यामुळे तिकडे कुणी बघितलंच नाही. त्या शुक्रवारच्या फाइलनं पहिल्यांदा एकविसावा खरंच उघडून बघायला सांगितलं. यंत्र बघायला गेलं, तिथे काही नव्हतंच, आणि आडवं झालं."

"मोजायचे होते," बाई म्हणाल्या. "एक ते एकवीस. बोट ठेवून."

भाऊंनी अर्धवट ऐकलं होतं. "एका रकान्याचं काय एवढं, बाई? एकवीस काय नि वीस काय! इकडे बघा, इकडे खरा अन्याय झालाय." आणि त्यांनी मूठ उघडली. पॅरिसला कुस्तीच्या अंतिम फेरीच्या सकाळी विनेश फोगाटचं वजन पन्नास किलोच्या वर भरलं होतं आणि ती बाद झाली होती. जास्त भरलं ते किती, हे सगळ्यांना कळावं म्हणून भाऊ दुकानातल्या काट्यावर बरोबर शंभर ग्रॅम तोलून खिळे घेऊन आले होते आणि ते प्रत्येकाच्या तळहातावर ठेवून, "सांगा, लागतंय का काही?" असं विचारत निघाले होते. अण्णांनी खिळे हातात घेऊन डोळे मिटले. थोडं थांबले. म्हणाले, "ऐंशीच असतील. तुमचा काटा तपासून घ्या."