सुभेदारांची स्वारी

निवृत्त माणसाने कुत्रा पाळला की शेजारीपाजारी त्याचा अर्थ एकाकीपणा असा लावतात; परंतु माझ्या बाबतीत हेतू निराळा आणि खरे सांगायचे तर बराच उन्मत्त होता. मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर बसून ज्याने उभ्या हयातीत सातबाराच्या उताऱ्यापलीकडे कसलेही रान पाहिले नाही, त्याने पहाटेच्या धुक्यात एका कृशोदर, दीर्घजंघ, राजबिंड्या श्वानाची साखळी हाती धरून अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागावे आणि फिरून परतणाऱ्या मंडळींनी ‘कोण हा शिकारी पुरुष?’ असे एकमेकांस पुसावे, एवढीच माझी माफक आकांक्षा होती.

अशा आकांक्षेला गल्लीतला कुत्रा पुरा पडत नाही. म्हणून मी सांगली जिल्ह्यात, थेट जत तालुक्यात जाऊन कारवानी जातीचे पिल्लू आणले. या जातीची महती वाचकांस ठाऊक असेलच: मुधोळच्या घोरपडे राजांनी तिची निगुतीने जोपासना केली, २००५ साली टपाल खात्याने मुधोळच्या या कुत्र्याचे तिकीट काढले आणि पुढे सैन्यानेही त्याला मेरठच्या आपल्या केंद्रात शिक्षणासाठी नेले. यांपैकी सैन्याची गोष्ट ऐकून इतर लोक प्रभावित होतात; माझ्यावर परिणाम झाला तो तिकिटाचा, कारण सरकारी खात्याने अधिकृतपणे छापलेल्या वस्तूवर अविश्वास दाखविण्याची मला सवयच नाही. ज्या धनगराच्या वाड्यावरून पिल्लू घेतले, त्याने मात्र माझ्या पोटाकडे व चपलांकडे क्रमाने दृष्टी टाकून एक शंका काढली होती. तो म्हणाला, “सायेब, ह्यो पळायला जलमलाय. तुमी त्येच्या मागं पळनार, का त्यो तुमच्यापाशी बसनार, ह्ये आदी ठरवा.” मी त्या वेळी खानदान, छातीची खोली आणि शेपटीचा बाक या महत्त्वाच्या बाबींची तपासणी करीत असल्यामुळे त्या पृच्छेचे उत्तर देण्याचे राहून गेले.

नाव मी ‘सुभेदार’ ठेवले. त्यात दूरदृष्टी नव्हती हे घरात सर्वप्रथम आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानी आले. “जन्मभर साहेबांच्या मागे फायली घेऊन धावलात,” ती म्हणाली, “आता निदान पेन्शनीत तरी कोणा हाताखालच्याला आणायचे होते.” पण नाव बदलण्याची वेळ टळून गेली होती. आता रोज सकाळी साताऱ्यात पुढे सुभेदार, मध्ये ताणलेली साखळी आणि मागे अव्वल कारकून, अशी सेवाज्येष्ठतेस सर्वस्वी अनुरूप मिरवणूक निघते.

अजिंक्यताऱ्याची चढण ज्याने चढली आहे त्याला सांगावयास नको की तेथे दम लागतो. आणि ज्याला शिकारी पुरुष म्हणून ख्याती संपादन करावयाची आहे त्याला दम लागून चालत नाही. या संकटातून मला इतिहासाने सोडविले. प्रत्येक वळणावर मी अचानक थबकतो, एक हात कमरेवर ठेवतो, दुसऱ्याने एखादा बुरूज दाखवितो आणि आसपास जो कोणी असेल त्याला सांगू लागतो की सन १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने या किल्ल्याला वेढा घातला. प्रयागजी प्रभूंनी तो कित्येक महिने झुंजविला. मोगलांनी सुरुंग उडविले तेव्हा ढासळलेला तट त्यांच्याच सैन्यावर कोसळला. आणि १७०० च्या एप्रिलात किल्ला पडल्यावर बादशहाने त्याचे नाव आझमतारा ठेवले. ‘आझमतारा’पर्यंत येता येता माझा श्वास पूर्ववत होतो. श्रोते निघून गेलेले असले तरी चालते. सुभेदाराला या व्यवस्थेचे मर्म इतक्या लवकर उमगले की हल्ली मी ‘सन’ एवढाच शब्द उच्चारला की तो जागच्या जागी मागच्या पायांवर बसतो आणि ‘आझमतारा’ कानी पडताच उठून अंग झाडतो. एवढा लक्षपूर्वक ऐकणारा श्रोता मला कचेरीतही लाभला नव्हता.

सांगलीला मुलीकडे गेलो की आमची स्वारी हरिपुराकडे निघते. तेथे कृष्णा आणि वारणा यांचा संगम, संगमेश्वराचे देऊळ आणि दुतर्फा झाडांचा रस्ता. सुभेदार पाण्यात पोटापर्यंत जाऊन उभा राहतो आणि मी काठावरून त्याला परत बोलाविण्याचे कर्तव्य बजावतो. एके दिवशी तेथील सपाट रस्त्यावर मी नाट्याचार्य गोविंद बल्लाळ देवल याच हरिपुरातले, ‘संगीत शारदा’ त्यांचेच, असे सुरू केले, तेव्हा सुभेदार तत्काळ बसला आणि जावईबापू काळजीच्या सुरात म्हणाले, “बाबा, सपाटीवरही इतिहास लागायला लागला? एकदा रक्तदाब बघून घेऊ.” सागरेश्वराला जाण्याचा माझा बेत मात्र मी स्वतःच रद्द केला, ते हरणांचे अभयारण्य, आणि तेथे कारवानीला नेणे म्हणजे लाचलुचपत खात्याच्या साहेबांना कचेरीच्या टेबलाखालचे खण दाखविण्यासारखे.

आता मूळ विषय सोडून मला थोडे खंड्याविषयी बोलावयाचे आहे. ‘थोडे’ हा शब्द वाचकांनी सैल अर्थाने घ्यावा.

साताऱ्यापासून जवळच, जेथे वेण्णा कृष्णेला मिळते, त्या संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे आणि तीवर त्याची दगडी मूर्ती आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचे प्राण वाचविले. साताऱ्याच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात लिहिले आहे की महाराजांनी या कुत्र्याला जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला, आणि त्या पालखीचा सरंजाम खरोखरच चालू ठेवण्यात आला. इतर लोक येथे नवल करून पुढे जातात. मी कारकून असल्यामुळे मला पुढे जाता येत नाही. सनद झाली म्हणजे ती कोणीतरी लिहिली असणार. मसुदा, साफ प्रत, शिक्का आणि मोर्तब, दफ्तरी नोंद हे सर्व यथासांग झाले असणार. आणि त्या फडातील एखाद्या वृद्ध कारकुनाने लेखणी कानावर ठेवून शेजाऱ्यास हळूच विचारले असणार की ‘राजश्री’ लिहावे की कसे. जहागीरदाराची निशाणी कोठे घ्यावी, पंजा काळ्या शाईत बुडवावा की तांबड्या, याला पूर्वीचा दाखला काय? आणि सर्वांत बिकट प्रश्न वारसाचा. जहागीरदार मयत झाल्यावर साताऱ्याच्या पेठापेठांतून, आळीआळीतून जे शेकडो औरस-अनौरस दावेदार शेपट्या हलवीत कचेरीपुढे येऊन बसले असतील, त्यांचे जबाब कोणी नोंदविले? मी नुसत्या तीन भावांच्या फेरफाराच्या एका प्रकरणात पंढरीची वाट धरावी काय या विचारापर्यंत आलो होतो.

शिवाय पालखीचे भोई. त्यांच्याविषयी मला विशेष आस्था आहे, कारण सुभेदाराला एकदा पशुवैद्याकडे नेण्यासाठी मी रिक्षात बसविले तेव्हा त्याने वाटेतील प्रत्येक शेळीस उठून मुजरा केला, चालकाने दुप्पट भाडे मागितले आणि ते मला रास्त वाटले. ज्यांनी खंड्याला खांद्यावरून वाहिले, त्यांना मांजर आडवे गेल्याचा भत्ता निराळा मिळत असेल अशी मला आशा आहे.

असो. पण त्याच ग्रँट डफने एक प्रसंग असाही सांगितला आहे की महाराजांनी भर दरबारात खंड्याला जरीचा पोशाख व जडजवाहीर घालून आपली स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेवली. आणि हे सारे त्याने राजाच्या बुद्धिभ्रंशाच्या खात्यावर जमा केले. येथे मला हसू येत नाही, राग येतो. हा राजा रायगड पडला तेव्हा, १६८९ साली, सात वर्षांचा पोर होता. आईसह शत्रूच्या छावणीत तो वाढला. १७०७ मध्ये सुटून स्वदेशी आला तो पंचविशीत, आणि आल्याबरोबर चुलतीच्या पक्षाने हा शाहू नव्हेच, तोतया आहे, असे त्याला तोंडावर ऐकविले. त्यानंतरच्या आयुष्यात त्याच्यासमोर जो येई तो वतन, सरंजाम, चौथाई, नाहीतर दुसऱ्याची चुगली घेऊन येई. कुत्रा काही मागत नाही असे मी म्हणणार नाही. सुभेदार भाकरी मागतो, दूध मागतो, माझ्या ताटातले मटण तर हक्काने मागतो. परंतु समोर बसून मागतो, शिफारशीची चिठ्ठी आणीत नाही, आणि दिल्यावर अधिक देणाऱ्याच्या छावणीत जात नाही. तो राजा खरा की तोतया याची चौकशी न करता जो वाघापुढे उभा राहिला, त्याच्या डोक्यावर जर कोणी आपली पगडी ठेवली, तर त्या दरबारात शुद्धीवर असलेला माणूस मला तरी तेवढा एकच दिसतो.

हे सर्व विचार सुभेदारापुढे मांडावेत म्हणून मी त्याला माहुलीला घेऊन गेलो. समाधीपाशी उभा राहून, साखळी बोटांभोवती घट्ट गुंडाळून, मी ‘सन’ म्हणालो. नेहमीप्रमाणे तो बसला नाही. पूर्वसूरींस अभिवादन करण्याची श्वानजातीत जी सर्वमान्य पद्धत रूढ आहे, ती एक पाय उचलून अंगीकारण्याचा त्याचा इरादा मी वेळीच ओळखला व त्याला खेचले. त्याच क्षणी घाटावर एक शेळी अवतीर्ण झाली. धनगराच्या पृच्छेचे उत्तर तेथे मिळाले. आम्ही दोघेही पळालो, म्हणजे तो पळाला आणि मी त्याच्याबरोबर पाच-सात पायऱ्या उतरलो, त्यांतील पहिली तेवढी पायांनी. शेळी सुखरूप राहिली. घरी परतल्यावर माझ्या सुजलेल्या बोटांस हळद लावता लावता सौभाग्यवतींनी सुभेदाराच्या पायात काटाबिटा गेला नाही ना याची आधी खात्री करून घेतली आणि मग मला विचारले, “अहो, उद्यापासून पालखी सांगू का?”

माहुलीला अवश्य जावे. सकाळी लवकर गेल्यास गर्दी नसते; पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात; आणि बरोबर कुत्रा असल्यास साखळी हातात धरावी, बोटांभोवती गुंडाळू नये.