काळं झालं म्हणजे पिकलं नव्हे

ब्लॅकबेरी या फळाविषयी माझी तक्रार आहे. ती दाखल करून घेणारी खिडकी इंग्लंडात कुठे आढळली नाही, म्हणून इथे मांडतो.

पहिला मुद्दा रंगाचा. ऑगस्ट उजाडला की इथल्या पायवाटांच्या कडेची काटेरी झुडपं लगडतात. फळ आधी हिरवं, मग लाल, मग काळं. लाल असताना दात आंबतात, हे समजू शकतो. पण काळं झाल्यावर तरी खाऊ द्यावं की नाही? नाही. चकचकीत काळं फळ अजून आंबटच असतं. चकाकी उतरून ते जरा मळकट दिसायला लागलं की मग गोड. म्हणजे देखणं असताना खायचं नाही आणि रया गेली की खायचं.

रसायनशास्त्र अर्थातच फळाची बाजू घेतं. अँथोसायनिन हे रंगद्रव्य थोडं असलं की फळ लाल दिसतं, दाटलं की काळं. हे रंगकाम आधी उरकून घेतलं जातं. आम्ल कमी होणं, ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढणं ही कामं त्यानंतरही सवडीने चालू असतात. पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत जातं, फळ मऊ पडतं आणि बोट लागताच पांढऱ्या गाभ्यासकट हातात येतं. ओढावं लागलं तर ते तयार नाही, असं समजावं. काटा मात्र कायम तयार असतो.

दुसरा मुद्दा: आंबा अढीत घातला की निमूट पिकतो. ब्लॅकबेरी तोडली की तिची प्रगती तिथेच खुंटते. पुढे ती मऊ पडते, बुरसते, पण गोड काही होत नाही. पूर्ण पिकलेलं फळ प्रवासात टिकत नाही, म्हणून दुकानात बहुतेक चकचकीतच येतं. आपण चकाकीचे पैसे मोजतो आणि घरी येऊन साखर शोधतो.

तिसरा मुद्दा फ्रिजचा. काळी म्हणून आणलेली फळं फ्रिजमध्ये मधूनमधून लाल होतात. तोडताना, हाताळताना दाणे दुखावले आणि फळ झपाट्याने गार झालं, की त्या दाण्यांतलं रंगद्रव्य मोडतं. फळ पुन्हा कच्चं झालेलं नसतं, फक्त तसं दिसतं.

वर मुदतही आहे. 29 सप्टेंबरच्या मायकेलमस सणानंतर सैतान या फळांवर थुंकतो, असं इथली जुनी माणसं सांगत. तोवर गारठा आणि पाऊस सुरू होऊन फळं पाणचट, बुरशीची होतात. खापर सैतानावर.

तेव्हा इकडे आलात तर चमकणारं सोडा, मळकट घ्या, ओढाओढ करू नका. जॅम करायचा असेल तर मूठभर लाल फळं जरूर टाका. कच्च्या फळात आम्ल आणि पेक्टिन जास्त असल्यामुळे जॅम छान घट्ट होतो. साखर तेवढी तुमची.