टाकीतली कृष्णा

पावसाळ्यात सांगलीकडच्या माणसाला स्वतःच्या रक्तदाबापेक्षा दोन आकड्यांची काळजी जास्त असते. कोयनेच्या धरणातून किती सोडलंय आणि आयर्विनला किती झालं. पहिला क्युसेकमध्ये, दुसरा फुटांत. १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल हा आमच्यासाठी पूल कमी आणि मोजपट्टी जास्त. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि त्यापुढे जनावरं कुठं बांधायची आणि तांदळाची पोती कुणाच्या माळ्यावर टाकायची याची बोलणी. २०१९ साली पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं, तेव्हा आकडा विचारायचंही लोकांनी सोडून दिलं होतं. कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरच्या डोंगरातून निघतात, दोन वेगळ्या खोऱ्यांतून आपापला संसार करत येतात आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर अगदी समोरासमोर येऊन भेटतात. भेट प्रीतीची खरी, पण तिचा खर्च खालच्या गावांच्या अंगावर पडतो.

या खर्चाची तरतूद म्हणून नदीकाठच्या गावोगावी यांत्रिक बोटी आल्या. बोलताना नुसतं ‘बोट’ म्हणतात, पण कागदावर तिचं नाव ‘यांत्रिक बोट’, जणू एरवी ती मांत्रिक असण्याची शक्यता होती. आमच्या गावची बोट ग्रामपंचायतीच्या मागं, सिमेंटच्या दोन ओट्यांवर, निळ्या ताडपत्रीखाली असते. तिचं इंजिन आत खोलीत, जुन्या मतपेट्या आणि बंद पडलेला ध्वनिक्षेपक यांच्या सोबतीला, भिंतीला टेकून उभं. वर्षाचे दहा-अकरा महिने बोटीचा आणि पाण्याचा संबंध येत नाही. तिच्यात कोंबड्या अंडी घालतात, पोरं तिला एसटी समजून तिकिटं फाडतात, उन्हाळ्यात कुणीतरी मागच्या फळीवर सांडगे वाळत घालतं. वर तापोळा-बामणोलीकडं, कोयनेच्या फुगवट्यात, लाँच म्हणजे खरोखरच एसटी. धरणानं खोरं भरल्यापासून तिथली माणसं पाण्यावरूनच बाजारहाट करतात. तिकडची इंजिनं रोज राबतात आणि म्हणून धडधाकट राहतात. आमच्या इंजिनाला मात्र बसून राहण्याचा आजार. गंमत अशी की ते बसूनच राहावं, असं देवाला रोज साकडं घालणारं गावही आमचंच.

जून आला की तालुक्याहून निरोप येतो: मान्सूनपूर्व तयारी, बोटीचे प्रात्यक्षिक घ्यावे. मग खोलीची किल्ली शोधण्यापासून प्रात्यक्षिकाला सुरुवात होते. किल्ली सापडली की आण्णांना बोलावणं जातं.

आण्णा मूळचे ऑइल इंजिनाचे मिस्त्री. त्यांच्या उमेदीच्या काळात वीज नव्हती तिथं नदीवर इंजिन होतं, आणि इंजिन होतं तिथं आण्णा होते. या मुलखात असा मिस्त्री दर चार घरांमागं निघतो, त्याला कारण कुंडलचा माळ. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या त्या ओसाड, निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर ओतायला घेतले. लोखंडानं जमीन विटाळते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांनी ते नांगर सुरुवातीला हातात धरायलाही नकार दिला. पुढं त्याच शेतकऱ्यांच्या नातवंडांना किर्लोस्करांच्या इंजिनाच्या आवाजावरून कुणाचा मळा भिजतोय ते ओळखू येऊ लागलं. ऑइल इंजिन स्वभावानं मराठी कुटुंबप्रमुखासारखं: चालू व्हायला वेळ लावील, हँडल मारणाऱ्याचा खांदा निखळेल, पण एकदा सुरू झालं की रात्रभर एकाच लयीत कुरकुरत काम करील. डिझेलमध्ये हवा धरली तर नट ढिला करून हवा काढायची, की झालं. आण्णांचा सगळा वेदांत या एका नटात होता.

बोटीचं आउटबोर्ड इंजिन हे निराळंच प्रकरण. ते दिसायलाच उलटं. डोकं वर, पाय लांब, पायाच्या टोकाला पंखा, आणि सगळं धूड बोटीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी लटकावलेलं. याची जन्मकथाही जराशी नाजूकच. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ओले एव्हिन्‍रूड नावाचा नॉर्वेहून आलेला कारागीर होता. एका उन्हाळी सहलीत त्याच्या प्रेयसीला आइस्क्रीम हवंसं वाटलं. हा गडी वल्ही मारत तळ्यापलीकडं गेला आणि आइस्क्रीम घेऊन परत येईपर्यंत त्याचं दूध झालं. त्या संतापातून, म्हणतात, त्यानं होडीला लावायचं सुटसुटीत इंजिन बनवलं आणि १९०९ पासून ते विकायला काढलं. म्हणजे तिकडं आइस्क्रीमसाठी हे यंत्र बाजारात आलं आणि पुढच्याच वर्षी इकडं कुंडलच्या माळावर नांगराची भट्टी पेटली. शंभर वर्षांनी दोन्ही घराण्यांची गाठ आमच्या पंचायतीच्या अंगणात पडायची होती, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तर इंजिन बाहेर आलं, पुसलं गेलं, पंचायतीसमोर पाण्यानं भरलेल्या बॅरलच्या काठाला आवळलं गेलं. टाकीची नळी जोडली. नळीच्या मधोमध रबराचा एक फुगा असतो. तो हातानं दाबदाबून पेट्रोल इंजिनापर्यंत न्यायचं. फुग्यावर बाण असतो, बाणाचं तोंड इंजिनाकडं हवं. हे सगळं ठीक होतं. आण्णांनी चोक ओढला, दोरी ओढली. मग उपसरपंचांनी दोरी ओढली. मग तालमीतल्या पोरांनी पैजा लावून ओढली. इंजिन एकदा खाकरलं, त्यामुळं सगळ्यांना हुरूप आला, आणि मग ते पुन्हा आपल्या चिंतनात गेलं. प्लग काढून पाहिला तर ओला. ठिणगी पाडून पाहिली तर ठिणगी स्वच्छ निळी. “म्हंजे आग हाय, पाणी बी हाय,” आण्णा म्हणाले, “फकस्त पेट्रोल कुठं दिसंना.”

त्यांनी टाकीच्या तळाचं पेट्रोल रबरी नळीनं काचेच्या बाटलीत काढलं आणि बाटली उन्हात धरली. आम्ही सगळे तिच्याभोवती, सोनाराकडं जमतो तसे जमलो. बाटलीत दोन थर होते, मध्ये सुतासारखी रेघ. वरचा थर टू-स्ट्रोक ऑइलमुळं निळसर. खालचा नितळ, पाण्यासारखा. पाण्यासारखा कसला, बराचसा पाणीच. आण्णा म्हणाले, “पेट्रोल म्हनतायसा व्हय ह्याला? आरं, ह्यात निम्मी कृष्णा हाय.”

इथं थोडं उसाकडं वळायला हवं. सांगली-साताऱ्यात कुठलाही विषय फार वेळ उसाला टाळू शकत नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये पाणी गेलं तर ते थेंब होऊन तळाशी वेगळं बसायचं, तेलापाण्याचं जन्माचं वैर पाळून. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २००३ साली पाच टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ मध्ये ते दहावर गेलं आणि २०२५ साली विसावर. लिटरमागं पाचवा हिस्सा. सगळं इथेनॉल उसाचंच असतं असं नाही, मक्याचं आणि तांदळाचंही असतं. पण साखर कारखान्यांच्या धुराड्यांखाली राहणाऱ्यानं आपल्या टाकीतलं इथेनॉल आपल्याच शिवारातलं मानलं तर त्यात बिघडलं कुठं? तर या इथेनॉलला पाण्याची विलक्षण ओढ. हवेतला ओलावा असो, झाकणातून झिरपलेला पाऊस असो, ते त्याला पोटात घेतं आणि बराच काळ पत्ता लागू देत नाही. पेट्रोल वरून स्वच्छच दिसतं. पण या पोटात घेण्यालाही हद्द असते. ती ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडतं आणि पाण्याचा हात धरून तळाशी जाऊन बसतं. ऑइल मात्र पेट्रोलबरोबर वरच राहतं. टाकीतली नळी तर तळापर्यंत पोचलेली. त्यामुळं इंजिनाच्या वाट्याला येतं ते पाणी आणि अर्क, तेही बिनतेलाचं. अशा खाण्यावर ते सुरू झालं नाही हे भाग्यच, कारण सुरू होऊन तसंच पळत राहिलं असतं तर पिस्टन सिलिंडरला चिकटून कायमचं बसलं असतं.

मला राहून राहून त्या उसाचं वाटत राहिलं. आडसाली लावण म्हणजे सोळा-अठरा महिने रानात. तेवढे दिवस तो कृष्णेचं पाणी पितो. पाइपलाइननं, पाटानं, लोडशेडिंगमुळं रात्री चिखल तुडवत दिलेलं. मग त्याला तोडतात, पिळतात, आटवतात, त्याची मळी आंबवतात, ऊर्ध्वपातन करतात, आणि शेवटी शक्य तेवढा पाण्याचा अंश काढून टाकतात, कारण पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल कोरडं लागतं. एवढे सोपस्कार करून सासरी पाठवलेलं हे लेकरू टाकीत शिरतं आणि पहिली संधी मिळताच माहेरच्या पाण्याला मिठी मारतं. दोष तरी कुणाला द्यायचा? आण्णांनी पोरांना दाखवायला एका बाटलीत पंपावरून आणलेलं ताजं पेट्रोल घेतलं, खाली थोडं पाणी ओतलं, पाण्याच्या पातळीशी नखानं बाटलीवरच्या कागदावर खूण केली आणि बाटली हलवून ओट्यावर ठेवली. थोड्या वेळानं पाणी खुणेच्या वर चढलेलं. “बगा, पूर आला,” एक पोरगं ओरडलं, आणि मोठी माणसं हसली नाहीत.

पुढचं काम आण्णांनी कुणाशी न बोलता केलं. टाकी रिकामी करून उन्हात पालथी घातली. कार्बोरेटर उघडला तर वाटीत मधासारखा चिकट राप बसलेला. पितळी जेटचं भोक केसाएवढं. पोरगं तारेचा तुकडा घेऊन आलं तर आण्णांनी त्याचा हात बाजूला केला: तारेनं पितळ ओरखडतं, भोक मोठं होतं, मग इंजिन जास्त पितं. त्यांनी खिशातून गळाचा तंगूस काढला, त्याचं टोक जेटमधून अलगद आरपार नेलं आणि जेट डोळ्याला लावून आभाळ पाहिलं. आभाळ दिसलं. नदीवर मासे धरायचा तो तंगूस त्यांच्या खिशात का होता, हे पंचायतीत कुणी विचारलं नाही. फुगून मऊ झालेली जुनी रबरी नळी त्यांनी बदलायला लावली, नव्या पेट्रोलमध्ये मापानं ऑइल घालून टाकी हलवली आणि दोरी ओढली. इंजिन निळा धूर सोडत गरजलं. पण आण्णांची नजर धुराकडं नव्हती. ते इंजिनाच्या पाठीशी वाकून वाट पाहत होते. तिथल्या बारीक भोकातून पाण्याची धार पडली तरच आत गारवा पोचतो आहे असं समजायचं. धार आली. “मुतलं!” असा पोरांचा एकच गिल्ला झाला, आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वहीत ‘शीतकरण व्यवस्था सुस्थितीत’ असं लिहिलं.

बोट घाटावर नेली तेव्हा मात्र कुणी फारसं बोललं नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळला पुरातून निघालेल्या माणसांची बोट उलटली, आणि तेव्हापासून आमच्या भागात नारिंगी जॅकेट घाला असं कुणाला दोनदा सांगावं लागत नाही. तालमीतली पोरंही बंद घट्ट ओढून घेतात, एकमेकांचे बंद तपासतात. त्या दिवसापर्यंत जूनचं प्रात्यक्षिक ही करमणूक होती. आता ती करमणूक आहेच, पण हसताना माणसं नदीकडं पाहून घेतात.

घाटावर चार-पाच म्हाताऱ्या आधीच येऊन बसल्या होत्या, हातात नारळाच्या पिशव्या. पलीकडच्या तीरावर देवीचं देऊळ आहे. औदुंबरहून समोरच्या भिलवडीच्या भुवनेश्वरीला नाव जाते तशी पूर्वी आमच्याकडूनही जायची. पूल झाले, मोटारसायकली आल्या, नावाड्याची पोरं कारखान्यावर लागली आणि देवी हाकेच्या अंतरावर असून लांबच्या रस्त्यानं गेली. “बोट चाललीयाच न्हवं? मग आमास्नी सोडा पल्याड,” त्यातली सर्वांत वयस्कर आज्जी म्हणाली. भाऊसाहेब घाबरले. सरकारी बोट, आपत्तीसाठीची, तीर्थयात्रेला कशी? आण्णांनी इंजिनावरचा हात न काढता सांगितलं, “भाऊसाहेब, वजनाबगार चाचनी कसली? वजन लागतंच की.” म्हाताऱ्यांना जॅकेटं चढवली. नऊवारीवर ते नारिंगी कवच असं काही खुललं की आज्जीनं ते देवळातही अंगावर ठेवायचा हट्ट धरला.

ऐन मधोमध इंजिन बंद पडलं. पाणी जूनचं, संथ, कमरेपेक्षा थोडं खोल. पण बोटीत एकदम गप्प झालं. आण्णांनी फुगा दाबून पाहिला, तो चपटा होऊन आत ओढला गेला होता. त्यांनी टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू चिमटीत धरून दोन आटे सैल केला. टाकीनं सुस्कारा टाकला. हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल बाहेर येत नाही; घाटावर नेताना सांडू नये म्हणून कुणीतरी तो स्क्रू इमानदारीनं आवळून ठेवला होता. जन्मभर इंजिनातली हवा काढण्यात घालवलेल्या माणसाला या वयात हवा आत सोडावी लागली, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पुढं पंख्याला केंदाळ गुंडाळलं, तेवढ्यासाठी इंजिन वर उचलून ते कोयत्यानं कापलं, आणि बोट पलीकडं लागली.

परत येताना भाऊसाहेबांच्या वहीचा रकाना तसाच रिकामा होता: ‘प्रात्यक्षिकाचा निष्कर्ष’. ते विचार करत होते. आज्जीनं त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि विचारलं, “भाऊसाहेब, ह्ये प्रात्यक्षिक म्हैन्याला का घेत न्हाई तुमी? इंजान तरी बसून कुजायचं न्हाई.” आण्णा तिच्याकडं पाहत राहिले. आउटबोर्ड इंजिनाबद्दल त्या दिवशी बोललेलं सर्वांत शहाणं वाक्य ते होतं, आणि भाऊसाहेबांनी खोबरं चघळत ते वहीत जवळजवळ लिहिलंच होतं, फक्त ‘कुजायचं’ला सरकारी शब्द सापडेना.