आत्याचं नाक आणि शालिमारची बाग

महागडं सेंट लावून माणसाने कुठेही जावं, फक्त आत्याच्या समोर जाऊ नये. आमची आत्या पाहुणा जिन्यात असतानाच त्याने डोक्याला कुठलं तेल चोपडलंय ते सांगते. भावाने पॅरिसहून ‘शालिमार’ नावाचं सेंट आणलं, तेव्हा माझी खरी काळजी ही होती.

सुरुवात मी बाटलीपासून केली. आत्याला चकचकीत काच आवडते. 1925 साली पॅरिसमध्ये सजावटीच्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, पुढे ज्याच्यावरून ‘आर्ट डेको’ हे नाव पडलं. ते बनवणाऱ्या गेर्लां घराण्याने हे सेंट तिथे मिरवलं. बाटली रेमाँ गेर्लांने योजलेली, बाकाराच्या काचकारखान्याने घडवलेली: मुघल बागेतल्या कारंज्याच्या कुंडासारखा घेर आणि डोक्यावर पंख पसरलेलं निळं बूच. फ्रेंच लोक लाडाने तिला ‘वटवाघूळ’ म्हणतात.

“वटवाघूळ तर वटवाघूळ,” आत्या म्हणाली, “गळत नाही ना?”

मग मी प्रेमकथेकडे वळलो. शहाजहानने लाडक्या मुमताजसाठी शालिमार बाग फुलवली आणि त्यावरून हे सेंट, अशी कंपनीची गोष्ट. गोष्ट गोड आहे, पण तारखा ऐकत नाहीत. श्रीनगरची शालिमार बाग 1619च्या सुमारास जहांगीरने नूरजहानसाठी वसवली. लाहोरची शहाजहानचीच, पण तिचं काम 1641 साली सुरू झालं आणि मुमताज तर 1631 सालीच बऱ्हाणपुरात वारली होती. त्यात नूरजहान ही मुमताजची सख्खी आत्या, वर सावत्र सासूही. म्हणजे आत्याची बाग पॅरिसवाल्यांनी परस्पर भाचीच्या नावावर चढवली.

“सातबारा बघा म्हणावं आधी,” आत्या कडाडली. चारशे वर्षांनी का होईना, नूरजहानला वकील मिळाला.

शेवटी मी मनगटावर फवारलं. हे सेंट एका दमात कळत नाही, टप्प्याटप्प्याने उलगडतं. आधी येतो बर्गमॉट, म्हणजे लिंबाच्या जातीतल्या एका फळाच्या सालीचं तेल. त्याचे रेणू हलके, त्यामुळे आहेराचं पाकीट देऊन न जेवता सटकणाऱ्या मंडळींसारखे ते लगेच पसार होतात. मागून जाई, गुलाब आणि आयरिसच्या मुळांचा पावडरीसारखा कोरडा वास. सगळ्यात जड मंडळी शेवटपर्यंत बसून राहतात: व्हॅनिला, टोंका बी, डिंक-राळेचा धूर आणि तळाशी जवादी मांजराची आठवण करून देणारा जरासा रानटी वास. मांजराचं मी आत्याला सांगितलं नाही. घरात शांतता हवी होती.

पण आत्या टप्प्याटप्प्याने निकाल देत नाही. बर्गमॉट हवेत असतानाच तिने नाक मुरडलं. “भांडी घासायचा साबण,” म्हणाली आणि वाती वळायला बसली.

मी मनगट सांभाळत दुपार काढली. संध्याकाळी चहाला बसलो, तर आत्या हवेत हुंगत उठली, ओट्यावरच्या पातेल्यांची झाकणं उघडून आली आणि संशयाने म्हणाली, “कस्टर्ड कुणी केलंय?”

मला राग यायला हवा होता. पण रसायनशास्त्र तिच्या बाजूने होतं. जाक गेर्लांने घराण्याच्या ‘जिकी’ या 1889च्या जुन्या सेंटात एथिल व्हॅनिलिन सढळ हाताने ओतलं आणि त्यातून शालिमार जन्मलं, असं सांगतात. हे एथिल व्हॅनिलिन साध्या व्हॅनिलिनपेक्षा बरंच उग्र, आणि बिस्किटं, आइस्क्रीम, कस्टर्ड यांतही तेच घालतात. मुघलांची बाग, बाकाराची काच, सगळं ओलांडून आत्या थेट पावडरीच्या डब्यापाशी पोचली होती.

तरी मी शेवटचा हुकमी पत्ता टाकला. ‘शनेल नंबर फाइव्ह’ घडवणारे अर्नेस्ट बो म्हणे कबूल करायचे, की व्हॅनिला आपण हाती घेतला तर त्याचं नुसतं कस्टर्ड होतं; गेर्लांने घेतला की शालिमार होतं.

आत्याने क्षणभर विचार केला. “मग पुढच्या खेपेला भावाला सांग,” ती म्हणाली, “त्या बो साहेबांकडचंच आण. स्वस्त पडेल, आणि खाताही येईल.”